ब्लोअरची वीज नेमकी जाते कुठे? एरेशन समजून घेऊया

सांडपाणी प्रक्रियेवर संशोधन करायचं ठरवलंत की 'एरेशनला खूप वीज लागते' हे वाक्य जवळजवळ प्रत्येक पेपरच्या प्रस्तावनेत भेटतं. ते खरंही आहे. अॅक्टिव्हेटेड स्लज पद्धतीच्या एसटीपीमध्ये साधारण निम्मी वीज, कधी त्याहूनही जास्त, एकट्या एरेशनवर खर्च होते. पण ती का लागते, हे नीट समजल्याशिवाय ती कशी वाचवायची हा प्रश्न हातात घेऊ नका.

मूळ अडचण काय?

ही पद्धत १९१४ची. मँचेस्टरमध्ये अर्डर्न आणि लॉकेट यांनी सांडपाण्यात हवा सोडली आणि खाली बसलेला गाळ फेकून न देता पुन्हा पुन्हा वापरला. आठवडे लागणारं काम चोवीस तासांच्या आत होऊ लागलं. त्या गाळातले जिवाणू घाण खातात आणि त्यासाठी त्यांना ऑक्सिजन लागतो. १ किलो अमोनिया-नायट्रोजनचं नायट्रेट करायलाच सुमारे ४.५७ किलो ऑक्सिजन खर्च होतो.

आता गंमत बघा. ३० अंश सेल्सिअसला १ घनमीटर हवेत सुमारे २७० ग्रॅम ऑक्सिजन असतो. त्याच तापमानाच्या १ घनमीटर स्वच्छ पाण्यात मात्र जास्तीत जास्त साडेसात ग्रॅमच विरघळतो. म्हणजे ऑक्सिजन फुकट आहे, पैसे लागतात ते त्याला पाण्यात ढकलायला.

एक छोटं गणित

ऑक्सिजन पाण्यात जाण्याचा वेग दोन गोष्टींच्या गुणाकारावर ठरतो. एक, केएलए म्हणजे हवेतून पाण्यात ऑक्सिजन जाण्याचा गुणांक. दुसरी, तूट, म्हणजे पाण्यात जास्तीत जास्त मावू शकणारा ऑक्सिजन वजा आत्ता विरघळलेला ऑक्सिजन. या विरघळलेल्या ऑक्सिजनलाच आपण डीओ म्हणतो.

समजा टाकीत डीओ २ मिलिग्रॅम प्रति लिटर ठेवला. तूट झाली ७.५ वजा २, म्हणजे ५.५. 'असू दे थोडा जास्त' म्हणून डीओ ४ ठेवला, तर तूट उरते ३.५. जिवाणूंची मागणी तेवढीच असेल, तर तोच ऑक्सिजन पोचवायला केएलए ५.५ भागिले ३.५, म्हणजे जवळजवळ १.५७ पट करावा लागेल. हा हिशेब ढोबळ आहे. खोल टाकीत दाबामुळे वरची मर्यादा थोडी वाढते. उलट एकाच डिफ्यूजरमधून जास्त हवा सोडली की त्याची कार्यक्षमता घटते. पण मुद्दा बदलत नाही: घाणीचा एक कणही जास्त न काढता बिल मात्र वाढतं.

मग डीओ अगदी कमी ठेवावा का? तसंही नाही. डीओ फार खाली गेला की नायट्रिफिकेशन करणारे जिवाणू मंदावतात, तंतूसारखे जिवाणू माजतात आणि स्लज खाली बसेनासा होतो. आणि बिल परवडत नाही म्हणून ब्लोअरच बंद ठेवले, तर अर्धवट शुद्ध झालेलं पाणी सरळ नदीत जातं. म्हणून हा प्रश्न नुसता विजेचा नाही, नदीचाही आहे.

स्वच्छ पाणी आणि खरं सांडपाणी

डिफ्यूजरची क्षमता सहसा स्वच्छ पाण्यात मोजतात. सोडियम सल्फाइट टाकून पाण्यातला ऑक्सिजन संपवायचा आणि हवा सोडल्यावर डीओ किती वेगाने चढतो ते नोंदवायचं. सांडपाण्यात मात्र साबण, डिटर्जंट आणि तेलकट पदार्थ असतात. ते बुडबुड्याच्या पृष्ठभागावर बसतात आणि ऑक्सिजनची वाट अडवतात. सांडपाण्यातला केएलए भागिले स्वच्छ पाण्यातला केएलए, याला अल्फा म्हणतात. बारीक बुडबुड्यांच्या डिफ्यूजरमध्ये अल्फा ०.५च्या आसपास किंवा त्याखालीही असू शकतो. म्हणजे कॅटलॉगमधला आकडा प्रत्यक्ष टाकीत निम्म्यावर येतो! शिवाय टाकीच्या सुरुवातीला, जिथे ताजी घाण येते, तिथे अल्फा कमी असतो आणि पुढे वाढत जातो. नेमकी ऑक्सिजनची मागणीही सुरुवातीलाच सर्वात जास्त असते.

पेपर वाचताना काय बघाल?

'आम्ही ऊर्जा वाचवली' असं कुठे वाचलंत, तर पुढच्या गोष्टी शोधा:

१. आधी डीओ किती होता? मुळातच उधळपट्टी चालली असेल, तर बचत मोठी दिसणारच.
२. मोजमाप स्वच्छ पाण्यात झालं की चालू टाकीत?
३. बाहेर पडणाऱ्या पाण्यात अमोनिया किती होता? तो वाढला असेल तर ती बचत नव्हे, काम अर्धवट सोडलं एवढंच.
४. नोंदी किती काळाच्या आहेत? सकाळी येणारा भार आणि मध्यरात्रीचा भार यांत खूप फरक असतो.

या चार प्रश्नांपैकी ज्याचं उत्तर पेपरमध्ये सापडत नाही, तिथे बहुतेक वेळा एक चांगला संशोधनविषय दडलेला असतो. जवळच्या एसटीपीत जाता आलं, तर ऑपरेटरकडे डीओच्या नोंदवहीची चौकशी करा आणि वरचं गणित त्या आकड्यांवर करून बघा. काय निघालं ते कमेंटमध्ये जरूर कळवा.