सुधा : शिखरावरचे अमृत

गणरायाचे आगमन समीप आले आहे. घरोघरी मखरे सजत आहेत, गावोगावच्या देवळांना रंग चढत आहे. त्या रंगाविषयीच आज भाविक वाचकांशी दोन शब्द बोलण्याचे आम्ही योजिले आहे.

आमचा कृष्णाकाठ काळ्या पाषाणाचा. तरीही चुन्यावाचून येथील शिखरे उभी राहिली नाहीत. काळ्या मातीत व ओढ्याकाठी मिळणारे चुनखडीचे खडे पूर्वजांनी वेचले, भट्टीत भाजले, पाण्यात विरविले आणि वाळूसह बैलांच्या घाणीत मळले. त्यात गूळ, हिरडा, बेलफळाचा गर घातला. वाईस गणपतराव रास्त्यांनी १७६२ साली ढोल्या गणपतीचे देऊळ उभारिले, तासगावी परशुरामभाऊ पटवर्धनांनी सातमजली गोपुर चढविले, तो या विद्येच्या भरभराटीचा काळ. त्या काळच्या कितीतरी देवळांत खाली घडीव पाषाण, वर विटांचे शिखर आणि त्यावर चुनेगच्चीतील देवता, ऋषी, वेलबुट्टी दिसते.

संस्कृतात चुन्याला ‘सुधा’ म्हणतात. अमृतालाही सुधाच म्हणतात. सुधेने लिंपलेले ते सौध. हा शब्द किती सार्थ आहे! चुनखडी अग्नीत आपला वायू टाकते, जलाने शांत होते, भिंतीवर बसल्यावर तोच वायू आकाशातून पुन्हा घेते आणि पुनरपि दगड होते. एका जन्मात दोनदा पाषाण होणारा हा पदार्थ आहे.

आता आमचा अपराध सांगतो. काही वर्षांपूर्वी एका गावी आम्ही कीर्तनातून जीर्णोद्धारासाठी झोळी फिरविली. भाविकांनी सढळ हाताने दिले. त्या द्रव्यातून जुन्या चुन्यावर सिमेंटचा गिलावा झाला, वर तैलरंग चढला. शिखर झळकले, आम्हीही सुखावलो. परंतु चुना श्वास घेतो. भिंतीत मुरलेली ओल तो बाहेर सोडतो. वाट बंद झाल्याने ती आतच कोंडली. चार पावसाळ्यांत गिलाव्याचे पोपडे सुटले आणि त्यांसह एका गंधर्वाचे मुखही गळून पडले. पुजाऱ्याने ते तुकडे परातीत जपून ठेविले होते. ते पाहून आम्हांस निरूपण सुचेना.

२०१९ व २०२१ च्या महापुरांत कृष्णामाईने सांगलीत घराघरांत पाणी आणले. अशा ओल्या मुलखात भिंतींना श्वास घेऊ देणे हीच त्यांची सेवा. म्हणून विनंती एवढीच : देवळाला हात लावण्यापूर्वी जाणत्या कारागिराला विचारावे, तडा चुन्यानेच भरावा, रंग हवाच तर चुन्याची सफेदी द्यावी. बाप्पाला झळाळीची उणीव नाही. त्याच्या डोक्यावरचे छत्र मात्र आपल्या हाती आहे.