नकाशावरची मोकळी जागा

दर वेळी आपण बचत आणि कर्जाबद्दल बोलतो. आज नकाशाबद्दल बोलू. कारण बाजारात बसायची जागाच गेली, तर हप्ता कशातून फेडणार?

आमच्या गटातल्या सात-आठ जणी तालुक्याच्या गावी जुन्या बारवेजवळ भाजी विकायला बसतात. त्या शहराचा नवा आराखडा निघाला आणि बाजाराची ती पट्टी रुंद रस्त्यात गेली. सूचना पेपरात छापून आली होती, कार्यालयाच्या फलकावरही लागली होती. पण आम्हाला कळलं तेव्हा मुदत संपून बारा दिवस झाले होते. अर्ज घेतला, पण सुनावणीचं बोलावणं काही आलं नाही. तुमच्यावर ही वेळ येऊ नये म्हणून हे सांगतेय.

शहर पुढच्या वीसेक वर्षांत कसं वाढेल, रस्ते, शाळा, बाजार, बागा कुठे असतील, हे विकास आराखड्यात ठरतं. त्यासाठी १९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन आणि नगररचना अधिनियम आहे. आधी आज कुठली जमीन कशासाठी वापरात आहे, त्याचा नकाशा होतो. मग कच्चा म्हणजे प्रारूप आराखडा जाहीर होतो. त्यावर हरकती व सूचना द्यायला लहान शहरांत ३० दिवस मिळतात. हरकत दिलेल्यांचं म्हणणं नियोजन समिती ऐकते, दुरुस्त्या सुचवते आणि शेवटी शासन मंजुरी देतं. एकदा मंजुरी मिळाली की बदल करून घेणं फार अवघड.

आपल्या हरकतीनं काय होणार, असं वाटतं ना? मुंबईचं ऐका. २०१४ ते २०३४ साठीचा प्रारूप आराखडा फेब्रुवारी २०१५ मध्ये आला. त्यात चुका इतक्या होत्या की हजारोंनी हरकती आल्या. जुन्या वारसा इमारतींच्या नोंदीही चुकल्या होत्या. एप्रिलमध्ये शासनाने तो आराखडा बाजूला ठेवून दुरुस्त करायला सांगितलं. सुधारित मसुदा २०१६ मध्ये आला आणि आराखडा २०१८ साली लागू झाला. त्या काळात संस्थांची माणसं वस्त्यावस्त्यांत नकाशे घेऊन गेली, लोकांना ते वाचायला शिकवलं.

कोळीवाड्यांची गोष्ट तर आपल्याला जवळची. कोळणी जिथे मासळी वाळत घालतात, ती जागा कागदावर नुसती मोकळी दिसते. मोकळी दिसली की तिथे दुसरंच काही ठरवलं जाऊ शकतं. म्हणून कोळीवाड्यांच्या सीमा आखा, वाळवणाच्या जागा नकाशात दाखवा, अशी मागणी मच्छीमारांनी लावून धरली. वाळवणाची जागा गेली तर धंदा जातो, आणि धंद्याबरोबर कोळीवाडाही जातो. वारसा म्हणजे फक्त किल्ला नाही. बारव, वेस, पार, गावतळं, जत्रेचं मैदान, आठवडी बाजार हाही वारसाच. त्या जागा कशा वापरात आहेत ते आपल्याला माहीत असतं, मोजणीदाराला नसतं.

आता करायचं काय?

जवळच्या शहराचा आराखडा निघणार आहे का, हे नगरपंचायतीत किंवा नगरपरिषदेत विचारत राहा. प्रारूप लागला की गटाने मिळून बघायला जा. नकाशाच्या कडेला रंगांचा अर्थ दिलेला असतो, तो आधी वाचा. मग आपली जागा शोधा. तिचा गट नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर लिहून घ्या.

अर्ज साधा असू द्या. जागा कोणती, ती आज कशासाठी वापरतात, आराखड्यात काय दाखवलंय, आणि आम्हाला काय हवंय, एवढ्या चार गोष्टी पुरे. फोटो जोडा. ‘रस्ता नको’ एवढंच लिहू नका, रस्ता कुठून नेता येईल तेही सुचवा. अर्जाची पोच घ्या आणि सुनावणीला जा.

गावात राहणाऱ्यांनी ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्याकडे लक्ष ठेवा. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते. ती कागदावर उरकू देऊ नका. बारवेचा गाळ काढणं, पाराची डागडुजी हे तिथे ठरावात घाला.

पुढच्या बैठकीत एक काम करा. मोठ्या कागदावर आपल्या गावाचा नकाशा काढा. पाणी कुठे, वाळवण कुठे, बाजार कुठे, हे म्हाताऱ्या बायकांना विचारून भरा. आमच्याकडे असा कागद असता, तर ते बारा दिवस आधीच आमच्या लक्षात आलं असतं. आता तो भिंतीवर लावलाय.