पेरूला पंख फुटले!

सकाळी सकाळी नागपूरच्या कळमना बाजारात जा. आडत्यांचा आवाज टिपेला पोचलेला असतो, फळांचे क्रेट एकामागून एक लिलावात निघत असतात. तिथं विचारा, "काका, पेरू कसे दिले?" काका म्हणतील, "जाम पाहिजे का, बेटा?" गोंधळू नका. विदर्भात पेरूला जाम म्हणतात!

आता पोर्तुगालमध्ये जाऊन 'पेरू' मागा. ताटात येईल भाजलेला पक्षी! पोर्तुगीज भाषेत पेरू म्हणजे टर्की. कोंबडीहून कितीतरी मोठा, गळ्याखाली लाल झोळ लोंबणारा. आपल्या पेरूला तिथं म्हणतात 'गोयाबा'.

इंग्रजीत तर 'टर्की' हा पक्षीही आहे आणि तुर्कस्तान हा देशही. त्याचं पोर्तुगीजमध्ये भाषांतर करताना मात्र पक्षी असेल तर 'पेरू' आणि देश असेल तर 'तुर्कीया' लिहावं लागतं. चुकलात, तर कुणीतरी जेवणात अख्खा देश फस्त करेल!

असं झालं कसं? हा पक्षी मूळचा अमेरिकेचा. पण इंग्रजांकडे तुर्की व्यापाऱ्यांमार्फत आफ्रिकेतली गिनी कोंबडी यायची. नवा पक्षी तिच्यासारखा वाटला, म्हणून तिचं 'टर्की' हेच नाव त्यालाही चिकटलं. पोर्तुगिजांनी तो पेरू देशाचा ठरवला. आणि तुर्कस्तानात? तिथं त्याला म्हणतात 'हिंदी', म्हणजे आपल्याकडचा! ज्यानं त्यानं पक्षी दुसऱ्याच्याच अंगणात हाकलला.

याच पोर्तुगिजांनी 1510 मध्ये गोवा घेतला. मराठीतले बटाटा, चावी हे शब्द त्यांचेच. आणि कळमन्यात रोज गाजणारा 'लिलाव'ही त्यांच्या 'लेइलांव'पासून आलेला!

मग दोन अर्थांचा शब्द आला, की भाषांतरकार काय करतो? शेजारपाजारच्या शब्दांकडे चौकशी करतो. जवळ 'पंख' किंवा 'अंडी' दिसली तर पक्षी, 'राजधानी' दिसली तर देश. इंग्रजीत देशाचं पहिलं अक्षर मोठं असतं, तीही एक खूण. देवनागरीत ती सोय नाही, त्यामुळे आपली भिस्त सगळी शेजाऱ्यांवर.

आता तुम्ही व्हा भाषांतरकार. "कळमन्यात जाम आलेत" आणि "कळमन्यात जाम लागलाय". एक ऐकलं की पिशवी घेऊन निघायचं, दुसरं ऐकलं की सायकल गल्लीतून काढायची. सांगा पाहू, पिशवी कधी घ्यायची?