माहेरच्या घराचा विमा, नाव कुणाकुणाचं?

मैत्रिणींनो, गटाच्या बैठकीत आम्ही विचारतो, वडिलांच्या माघारी घर कुणाच्या नावावर आहे? उत्तर येतं, 'अजून त्यांच्याच.' असं घर जळालं, पुरात पडलं, तर विम्याचे पैसे अडकू शकतात. म्हणून आधी ग्रामपंचायतीत वारस नोंद करून नमुना ८ वर सगळ्या भावंडांची नावं लावून घेऊया, बहिणींचीसुद्धा. मग विमा काढताना अर्जात तीच सगळी नावं लिहूया. एकट्या भावाचं नाव असेल, तर भरपाई त्याच्या हिश्श्यापुरतीच मिळू शकते. २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' ही पॉलिसी आहे. आग, पूर, वादळ, भूकंप त्यात येतात. विमा जागेचा नसतो, बांधकामाचा असतो. म्हणून रक्कम घर पुन्हा बांधायच्या खर्चाएवढी धरूया. हप्ता भावंडांनी वाटून भरावा आणि पॉलिसीची एकेक झेरॉक्स प्रत्येकाच्या घरी ठेवावी.