किंमत आणि मोल

1980 साली न्यूयॉर्कमध्ये डॅनियल ओक्रेंट आणि त्यांच्या मित्रांनी कागदी बेसबॉल संघांचा खेळ सुरू केला. लिलावात खरे खेळाडू घ्यायचे, मोसमभर त्यांच्या आकडेवारीवर गुण मोजायचे. रूढ नियमानुसार प्रत्येकाकडे 260 डॉलर, 23 जागा. लागलेली बोली हाच खेळाडूचा पगार. अनेक लीगमध्ये तो पुढच्या मोसमातही चालतो.

म्हणून अदलाबदल करताना ‘मोठा खेळाडू कोण?’ एवढे विचारून भागत नाही. समजा, 30 डॉलर मोलाच्या नामवंताचा पगार 28 आहे आणि 18 डॉलर मोलाच्या नवख्याचा 5. मोलातून पगार वजा जाता शिल्लक 2 आणि 13. तळातल्या संघाने पुढच्या वर्षासाठी नवखा घ्यावा. विजेतेपदाशी झुंजणाऱ्याने मात्र नामवंतच घ्यावा. मोसमाअखेर वाचलेल्या पैशाला गुण नसतात. एकाच सौद्यात दोघेही शहाणे ठरतात ते असे.