वेल्डिंगची वायर कोणत्या बाजूने लांबवावी?

मांजरी बुद्रुक हे गाव २०२१ साली पुणे महापालिकेत आले. पण गाव शहरात गेले म्हणून गोठे काही एका दिवसात उठत नाहीत. गोठा आला की पत्र्याची शेड आली, आणि शेड आली की काही ना काही मोडायचेच. कधी फाटकाची बिजागरी तुटते, तर कधी गव्हाणीपुढचा आडवा पाइप निखळतो.

अशा वेळी काय होते पाहा. विजेचा बोर्ड असतो शेडच्या पुढल्या टोकाला आणि तुटलेले फाटक असते मागल्या टोकाला. मध्ये शंभर फूट अंतर. वेल्डिंग मशीनची वायर मात्र दहा-पंधरा फुटांची. फाटक काही उचलून आणता येत नाही. मग वायर लांबवायची. पण कोणती? इथेच पुष्कळ जण चुकतात.

वेल्डिंग मशीनला दोन बाजू असतात. एक बोर्डाकडची. तिथून २३० व्होल्टची वीज मशीनमध्ये येते. दोन फेजवर चालणारे मशीन असेल, तर सुमारे ४०० व्होल्ट येते. दुसरी बाजू कामाकडची. तिथून दोन जाड केबली निघतात. एकीला रॉड धरायचा होल्डर असतो, दुसरीला अर्थिंगचा चिमटा. मशीनच्या पोटात विजेचा दाब कमी होतो आणि प्रवाह वाढतो. रॉड पेटलेला असताना दाब २० ते ३० व्होल्ट राहतो, पण प्रवाह १०० अँपिअरच्या घरात जातो.

आमचे सांगणे असे, की मशीन बोर्डाजवळच ठेवा आणि कामाकडच्या दोन केबली लांबवा.

पुष्कळ जण उलट करतात. घरातली बारीक वायर बोर्डाला जोडतात, मध्ये दोन जागी पीळ देऊन चिकटपट्टी गुंडाळतात आणि मशीन ओढत मागे नेतात. आता हलकी इन्व्हर्टर मशीने निघाली आहेत. ती एका हाताने उचलता येतात, म्हणून हा मोह फारच वाढला आहे. पण त्या वायरमध्ये २३० व्होल्ट असतात बरं का! ती शेणामुतातून जाते, खुराखाली येते, पत्र्याच्या कडेला घासते. एके जागी सोलली गेली, की माणूस नाहीतर जनावर गेलेच म्हणून समजा. आधी विजेचा धक्का जनावराला बसतो, आणि मालक त्याला सोडवायला धावतो.

आता केबल किती जाड घ्यावी? विहिरीवरच्या पंपाला अर्ध्या इंची पाइप दोनशे फूट लावला, तर शेवटी पाण्याची धार मरते. विजेचेही तसेच आहे. शंभर फूट जायचे आणि शंभर फूट परत यायचे, म्हणजे दोनशे फूट तांबे झाले. ही केबल १६ चौरस मिलिमीटर जाडीची असेल, तर १०० अँपिअरला साडेसहा व्होल्टच्या आसपास वाटेतच खर्च होतात. रॉडच्या टोकाला पंचवीसच व्होल्ट लागतात, त्यातले साडेसहा म्हणजे थोडे नव्हे. अशाने रॉड चिकटतो आणि जोड वरवरचा बसतो. २५ ची केबल घेतली तर चार-साडेचार व्होल्ट जातात, ३५ ची घेतली तर तीन. शंभर फुटांना २५ च्या खाली जाऊ नये. मशीनवरचा आकडा थोडा वाढवला, की मग काम भागते.

असली केबल घ्यायला बोहरी आळीत किंवा तपकीर गल्लीत जाता येते. तिथे एक गोष्ट पाहावी. केबलची एक तार सुरीने खरवडून बघा. आत पांढरी निघाली, तर ते वरून तांब्याचा मुलामा दिलेले ॲल्युमिनियम आहे. ते वाईट नाही, पण मग एक माप जाड घ्यावे लागते, आणि भाव तांब्याचा देऊ नये!

तुकडे जोडायचे तर पीळ मारू नका. फिरवून घट्ट बसणारे, बाहेरून पूर्ण झाकलेले केबल-जोड मिळतात, ते वापरा. उरलेली केबल वेटोळे करून लोखंडावर ठेवू नका. ट्रान्सफॉर्मरच्या मशीनवर अशा वेटोळ्याने प्रवाह दबतो. केबल सरळ पसरावी.

चिमट्याचे तर फारच महत्त्व आहे. एका गोठ्यात आम्ही पाहिले, की होल्डरची केबल लांबवली होती, पण चिमटा पुढच्याच खांबाला लावला होता. "शेड सगळी लोखंडीच आहे, वीज येईल की परत," असे मालक म्हणाले. वीज आली खरी! पण कुठून? पत्र्याच्या नटबोल्टांतून ठिणग्या उडत होत्या आणि पाण्याच्या मोटारीची अर्थची वायर तापून वास मारत होती. ती आतून जळली असती, तर कोणाला कळलेही नसते, आणि पुढे मोटारीच्या अंगात वीज उतरली असती. म्हणून दोन्ही केबली सारख्याच लांबवाव्यात. चिमटा जोडाच्या हातभर अंतरात, गंज खरवडून लावावा.

जनावरे आधी बाहेर काढा. माणसाला जाणवत नाही इतक्या विजेनेही ओल्या जमिनीवर उभी गाय बिचकते, आणि तिच्या गळ्यात तर साखळी असते.

तुम्हीही ओल्यात उभे राहू नका. रॉड पेटलेला नसताना होल्डरवर ५० ते ८० व्होल्ट असतात. घामेजलेल्या अंगाला तेवढे पुरे होतात. बोर्डावर अर्थ लीकेजचा ब्रेकर असलाच पाहिजे, पण तो होल्डरकडचा धक्का थांबवत नाही. मशीनच्या आतली दोन्ही बाजूंची वेटोळी वेगळी असतात, त्यामुळे त्याला तो कळतच नाही. कोरडी फळी पायाखाली आणि कोरडे हातमोजे हातात, हाच तिथला बंदोबस्त.

आणि मशीन मागे न्यावेच लागले तर? तर अर्थसहित तीन तारांची ६ चौरस मिलिमीटरची अखंड केबल घ्यावी आणि ती खांबांवरून उंच न्यावी.

कडब्याची गंजी जवळ असेल, तर ठिणगी तीस-पस्तीस फूट जाते हे ध्यानात ठेवा. गंजी हलत नसेल, तर ओली गोणपाटे टाका. पाण्याची बादली जवळ ठेवा. काम संपल्यावर अर्धा तास तिथेच बसा. कडबा आतल्या आत धुमसतो, धूर उशिरा दिसतो.