इंधन पुरवठा व्यवस्था, एंजिन बदललेल्या जुन्या मोटारगाडीची

जुन्या बनावटीच्या मोटारगाडीतील मूळ एंजिन काढून त्या जागी दुसरे, बहुधा अधिक शक्तीचे वा निराळ्या इंधनावर चालणारे एंजिन बसविले असता टाकीपासून एंजिनापर्यंत योग्य दाबाने, पुरेशा प्रमाणात व अखंडपणे इंधन पोहोचविण्यासाठी नव्याने उभारावी लागणारी यंत्रणा. टाकी, गाळण्या, पंप, नळ्या, दाबनियामक, परतीची नळी आणि कार्ब्युरेटर किंवा अंतःक्षेपक हे तिचे मुख्य घटक होत. एंजिनाचे आधार, क्लच व गिअरपेटी यांच्या जुळणीकडे कारागिराचे जेवढे लक्ष असते तेवढे या यंत्रणेकडे सहसा नसते. जुनीच नळी नव्या पंपाला जोडून काम भागविले जाते आणि अशी गाडी उन्हाळ्यात रस्त्यावर बंद पडते किंवा, क्वचित का होईना, पेट घेते.

भारतात एंजिन बदलण्याची प्रथा कारखानदारांनीच रूढ केली असे म्हणता येईल. हिंदुस्थान मोटर्सच्या अँबॅसडर गाडीत १,४८९ घ. सेंमी. पेट्रोल एंजिनाऐवजी पुढे डीझेल एंजिन व १९९० नंतरच्या दशकात इसुझू बनावटीचे १.८ लि. पेट्रोल एंजिन आले; काँटेसा गाडीतही असाच बदल झाला. मुंबईत कुर्ला येथे प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९८५ मध्ये फियाट १२४ चा सांगाडा व निसान एंजिन यांची सांगड घालून ‘११८ एनई’ ही गाडी काढली. त्याच कारखान्याची पद्मिनी (मूळ फियाट ११००) ही महाराष्ट्रात सर्वाधिक परिचित गाडी होय. टॅक्सी म्हणून तिचा मुंबईतील वापर ऑक्टोबर २०२३ मध्ये संपला. हौशी लोकांनी जतन केलेल्या पद्मिनी मात्र अजून धावतात आणि मागील चाकांना गती देण्याच्या रचनेमुळे त्यांत मारुती जिप्सीचे एंजिन बसविणे सोयीचे ठरते. पुढील विवेचनात हेच उदाहरण घेतले आहे.

वाशिम जिल्ह्यासारख्या (१ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून निर्मिती) प्रदेशात अशा गाडीची कसोटी तीन बाबतींत लागते. मे महिन्यात तापमान ४२° से.च्या वर जाते. नागपूर–मुंबई समृद्धी महामार्ग कारंजा, मंगरूळपीर व मालेगाव या तालुक्यांतून जात असल्याने पूर्वी कधी न करावा लागलेला, तासन्‌तास एकाच वेगाने होणारा प्रवास तिला करावा लागतो. शिवाय लग्नसराई व सणवार वगळता ती छपराखाली उभीच असते, त्यामुळे टाकीतील इंधन जुने होते.

इंधनाची गरज : पेट्रोल एंजिनाला पूर्ण भारावर दर अश्वशक्तीस ताशी सु. ०.२३ किग्रॅ. इंधन लागते. पद्मिनीच्या १,०८९ घ. सेंमी. एंजिनाची शक्ती सु. ४०, तर जिप्सीच्या १,२९८ घ. सेंमी. अंतःक्षेपण एंजिनाची सु. ८० अश्वशक्ती असल्याने ताशी गरज अनुक्रमे सु. १२ व २५ लि. येते. २० टक्के एथेनॉलयुक्त पेट्रोलाचे उष्णतामूल्य घनफळामागे सु. ७ टक्के कमी असल्यामुळे दुसरा आकडा २७ लि.पर्यंत जातो. वरकड धरून ताशी ३५ ते ४० लि. देणारा पंप पुरतो. एवढे इंधन तर पद्मिनीचा मूळ यांत्रिक पंपही देऊ शकेल. तेव्हा बाजारातील सर्वांत मोठा पंप आणून बसविणे हा उपाय नव्हे. खरा प्रश्न दाबाचा, उष्णतेचा व अखंडतेचा आहे.

दाब : कार्ब्युरेटरला ०.२ ते ०.३५ बार एवढा अल्प दाब लागतो. प्लवकाने उचलली जाणारी सुईची झडप याहून फारसा अधिक दाब रोखू शकत नाही [→ कार्ब्युरेटर]. अंतःक्षेपकाला २.५ ते ३.५ बार, म्हणजे सु. दहापट दाब हवा असतो. अंतःक्षेपणाचा पंप कार्ब्युरेटरला जोडल्यास प्लवकपात्र भरून वाहते आणि पेट्रोल तापलेल्या निष्कास नळीवर सांडते. उलट यांत्रिक पंपावर अंतःक्षेपण एंजिन सुरूच होत नाही; ही चूक निदान निरुपद्रवी आहे. अंतःक्षेपणात दाबनियामकाने सोडलेले जादा इंधन टाकीत परत जाते. एंजिन मंदगतीने चालत असता तर जवळजवळ सर्वच इंधन परतते. जुन्या टाकीला परतीचे तोंड नसल्याने ते नव्याने बसवावे लागते. ही नळी अरुंद ठेवल्यास तिच्यातील रोधामुळे नियामकाचा दाब वाढतो, म्हणून तिचा व्यास पुढे नेणाऱ्या नळीएवढा (सु. ८ मिमी.) ठेवावा. डीझेल एंजिनात अंतःक्षेपकांतून गळणारे इंधनही टाकीत परतवावे लागते आणि नळीत हवा शिरली की एंजिन बंद पडते.

टाकी : जुन्या टाकीत इंधनाची हेलकावणी रोखणारे पडदे पुरेसे नसतात. टाकी पाव भरलेली असता अकोला–वाशिम रस्त्यावरील पातूर घाटातल्या वळणांवर इंधन एका बाजूस जाऊन शोषण-नळी उघडी पडते. कार्ब्युरेटरच्या प्लवकपात्रातील साठ्यामुळे ही काही सेकंदांची तूट जाणवत नाही. अंतःक्षेपणात मात्र एंजिन तत्काळ अडखळते आणि इंधनानेच थंड राहणारा पंप कोरडा फिरून खराब होतो. यासाठी सु. एक लि. धारणेचे उभट संचयपात्र वापरतात. अल्पदाब पंप ते सतत भरलेले ठेवतो, उच्चदाब पंप त्याच्या तळातून इंधन घेतो, नियामकाकडून परतलेले इंधन त्यातच येते आणि उरलेले वरच्या तोंडाने टाकीत जाते. नव्या गाडीतील पंपसंच पात्रासह टाकीत बसविणे अधिक चांगले, पण त्यासाठी टाकी कापून सांधावी लागते. येथे एक इशारा आवश्यक आहे. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक असते, कारण हवेत पेट्रोलाचे बाष्प सु. १.४ ते ७.६ टक्के असता मिश्रण स्फोटक बनते आणि टाकी उपडी करून हे बाष्प जात नाही. टाकी गाडीतून काढून, गरम पाणी व अपमार्जकाने वारंवार धुऊन, सांध्याची जागा सोडून पाण्याने भरल्यावरच सांधकाम करावे. घाईच्या वेळी वगळली जाते ती नेमकी हीच पायरी.

बाष्परोध : पेट्रोलातील हलके घटक ३५°–४०° से.लाच उकळू लागतात व शोषणामुळे दाब घटला की त्याहूनही आधी. एंजिनावरील पंपाने लांबच्या टाकीतून इंधन ओढणे ही यामुळे उन्हाळ्यातील सर्वांत वाईट मांडणी ठरते. विद्युत् पंप टाकीजवळ व तिच्या पातळीखाली बसवून इंधन ढकलत न्यावे. नळी निष्कास नळीच्या विरुद्ध बाजूने न्यावी आणि जेथे दोन्ही जवळ येतात तेथे पत्र्याचा आडपडदा द्यावा. दाबाखालील इंधन सहसा उकळत नाही, पण परतीच्या इंधनाबरोबर एंजिनाची उष्णता टाकीत येते. लांबच्या प्रवासात टाकी अर्ध्याहून खाली जाऊ न देणे इष्ट.

एथेनॉलाचा परिणाम : २० टक्के एथेनॉलयुक्त पेट्रोलाची विक्री भारतात २०२३ मध्ये सुरू झाली व २०२५ पर्यंत ते सर्वत्र पोहोचले. जुने नैसर्गिक रबर व बुचाच्या चकत्या त्यात फुगतात वा ठिसूळ होतात, जस्त-मिश्रधातूची कार्ब्युरेटरे व टाकीचा शिसे-कथलाचा मुलामा झिजतो. टाकीत वर्षानुवर्षे साचलेला चिकट थर सुटून गाळणीत येतो. म्हणून पहिल्या काही शे किमी.नंतर गाळणी बदलावी. एथेनॉल हवेतील बाष्प शोषते, त्यामुळे महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाडीची टाकी पावसाळ्यापूर्वी रिकामी तरी करावी किंवा काठोकाठ भरावी. नळ्या पोलादी व जोडतुकडे फ्ल्युओरोइलॅस्टोमर अस्तराचे (एसएई जे३० आर९ प्रतीचे) असावेत. तांब्याची नळी वळवायला सोपी म्हणून आवडती असली, तरी ती कंपनाने कठीण होऊन तडकते आणि पेट्रोलात डिंकासारखा साका होण्यास मदत करते. खाचांची स्क्रू-पट्टी लहान नळीचे रबर कापते. गुळगुळीत कडांची पट्टी वापरावी.

एथेनॉलमिश्रित इंधनास हवा कमी लागते : पेट्रोलाचे आदर्श हवा-इंधन गुणोत्तर १४.७, तर या मिश्रणाचे सु. १३.५ आहे. ऑक्सिजन-संवेदकासह बसविलेले अंतःक्षेपण एंजिन हा फरक मर्यादेत स्वतः भरून काढते. कार्ब्युरेटर ते करू शकत नाही. मिश्रण पातळ होऊन एंजिन तापते. मुख्य प्रधाराचे छिद्र १.२० मिमी.ऐवजी १.२५ मिमी. केल्यास क्षेत्रफळ सु. ८ टक्के वाढते व तूट जवळपास भरून निघते.

विद्युत् जोडणी : अंतःक्षेपणाचा पंप ५ ते ८ अँपिअर प्रवाह घेतो. जुन्या डायनामोवर मंदगतीत विद्युत् दाब पडून पंपाचा पुरवठा घटतो. म्हणून आल्टरनेटर आवश्यक ठरतो. पंपाला बॅटरीपासून स्वतंत्र तार, फ्यूज व रिले द्यावे. एंजिन थांबताच पंप थांबला पाहिजे. नियंत्रण-संगणक असल्यास तो ही व्यवस्था करतो. कार्ब्युरेटरबरोबर विद्युत् पंप वापरल्यास तेलाच्या दाबावर चालणारा स्विच व धक्क्याने उघडणारा निरुंधक स्विच बसवावा. चावीच्या तारेवर थेट जोडलेला पंप अपघातानंतरही तुटलेल्या नळीतून पेट्रोल ओतत राहतो.

चाचणी : चाचणी उघड्यावर करावी, शेजारी शुष्क चूर्णाचे अग्निशामक हवे. एंजिन बंद ठेवून पंप दहा मिनिटे चालवावा आणि प्रत्येक जोड कोऱ्या कागदाने पुसून पाहावा. नंतर नियामकाच्या परतीचे इंधन मापपात्रात घ्यावे. वरील उदाहरणात कार्यदाबावर मिनिटाला किमान ०.६ लि. मिळाले पाहिजे. तिसरी पायरी म्हणजे दुपारच्या उन्हात गाडी तापवून अर्धा तास थांबविणे व पुन्हा सुरू करणे. बाष्परोधाचा दोष चालत्या गाडीपेक्षा अशा थांब्यानंतरच उघड होतो.

कायदेशीर बाजू : मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकास करता येत नाही, २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे स्पष्ट केले. म्हणून एंजिन विकत घेण्यापूर्वीच नोंदणी प्राधिकरणाकडे (वाशिमसाठी संकेत एमएच-३७) विचारणा करावी. वायू वा अन्य इंधनासाठी मान्यताप्राप्त संचाची तरतूद त्याच कलमात आहे. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातील खाजगी गाड्यांना ‘व्हिंटेज’ म्हणून स्वतंत्र नोंदणी मिळते. एंजिनात मोठा फेरफार केलेली गाडी तीस पात्र ठरत नाही. त्यामुळे मूळ एंजिन, कार्ब्युरेटर व पंप भंगारात न देता तेल लावून जपून ठेवण्याची पद्धत जाणकार मालकांत आढळते.